राजूर घाटात पडणारा काटा

सुमन, तुझ्या त्या जीपने मला पार वैताग आणलाय. तेरवी होऊन चार दिवस झाले नाहीत, लोक अजून भेटायला येतात, समोर बसून ‘झोप लागते का, जेवता का’ विचारतात, आणि मी त्यांना सांगत बसतो की इंजिन थंड असताना ऑइल प्रेशरचा काटा कसा नीट उभा राहतो. परवा आमच्या कोर्टातले जुने नाझर आले होते. बिचाऱ्यांनी डोळे पुसायला रुमाल काढला होता, तो तसाच हातात राहिला. मी त्यांना अंगणात नेऊन बॉनेट उघडून दाखवलं. जाताना ते तुझ्या-माझ्या लेकीला हळूच म्हणाले, ‘बाबांकडे लक्ष ठेवा.’

माझ्याकडे कशाला ठेवायचं? त्या गाडीकडे ठेवायला हवं होतं, आणि हे मी जन्मभर म्हणत आलो. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि अर्धवट टाकून तू गेलीस, मी नाही.

जीप तुझ्या वडिलांची. धाड ते बुलढाणा प्रवासी वाहून वाहून ती खिळखिळी झाली, तेव्हा त्यांनी ती तुला दिली. जावयाला नाही, लेकीला दिली, हे त्यांनी चारचौघांत दोनदा सांगितलं होतं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी एकदाच स्टिअरिंग हातात घेतलं होतं, धाडच्या बाजारात, आणि मडक्यांच्या एका दुकानाने माझं शिक्षण तिथेच थांबवलं. तेव्हापासून तू उजवीकडे आणि मी डावीकडे. कोर्टात लोक हसायचे, ‘बायको गाडी चालवते आणि साहेब बाजूला बसून फायली वाचतात.’ मी त्यांना सांगायचो, चालवते ती, पण इंजिन माझ्याकडे असतं. हे मी छाती पुढे काढून सांगायचो, सुमन. लक्षात ठेव, पुढे लागेल.

तर तो काटा. डॅशबोर्डवर त्या छोट्या गोल मीटरमधला. इंजिनात तेल किती जोराने फिरतंय ते तो सांगतो. तो शून्यावर पडला की गाडी जिथल्या तिथे थांबवायची, नाहीतर इंजिन जाम. हे मी पुस्तकात वाचून तुला सांगितलं होतं, आणि तू मान डोलावली होतीस, जणू काही पहिल्यांदाच ऐकतेयस. आणि आपला काटा पडायचा. बुलढाण्याहून वरवट बकालला आपल्या गावी निघालो की राजूर घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर हमखास. मागे दादा, वहिनी, आई, पोरं, पिशव्या, आणि तू एकदम म्हणायचीस, ‘प्रेशर पडलं हो. उतरा बरं, पाहा जरा.’

मी उतरायचो. बॉनेट उघडायचो. इंजिन निवेपर्यंत दरीकडे तोंड करून उभा राहायचो. मग तेल मोजायची डिपस्टिक ओढायची, फडक्याने पुसायची, परत बुडवायची, उजेडात धरून बघायची. तेल पूर्ण. नेहमीच पूर्ण. एवढं सगळं करून मी येऊन बसलो की तू चावी फिरवायचीस, काटा गुपचूप वर यायचा, आणि तू म्हणायचीस, ‘तुम्ही पाह्यलं नं, मंग झालं ठीक.’

यावर मी काय करायला हवं होतं? एखादा वेंधळा असता तर त्याने सोडून दिलं असतं. मी इंजिनाचं तेल बदलून घेतलं. फिल्टर बदलला. इंजिनाला बसवलेला प्रेशरचा सेन्सर बदलला. अकोल्याहून नवं मीटर आणलं, ते तू बसवू दिलं नाहीस. ते अजून स्वयंपाकघरात तुरीच्या डाळीच्या डब्यावर पडलंय. वायर तपासू म्हटलं की तुझा पारा चढायचा. ‘बाकी सारी गाडी खोला तुम्ही, पन डॅशबोर्डाच्या मांगं हात घालाचा नाही. बाबाच्या हातची वायरिंग हाय ती.’ वडिलांचं नाव निघालं की मी पेचकस परत डब्यात टाकायचो. सासऱ्याच्या वायरीला हात लावणारा जावई अजून जन्माला यायचाय.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करून टाकतो, कारण पुढे तिच्यावरूनच सगळा तमाशा झाला. मला गाडी लागत नाही. कधीच लागली नाही. घाटात माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, कान गरम व्हायचे, ते पित्त. निघायच्या गडबडीत उपाशीपोटी चहा घेतला की माझं पित्त उठतं, हे तुला माहीत होतं. वहिनी मागून लिंबू पुढे करायची, तेही मी पित्तावर म्हणूनच घ्यायचो. बॉनेटपाशी उभं राहिलं की बरं वाटायचं, कारण हाताला काम मिळालं की माणूस दुखणं विसरतो. माझी समजूत अशी होती.

आता झालं काय ते ऐक. लेक पुण्याला परत गेली. दादा मात्र राहिला, मला चार दिवस गावी नेल्याशिवाय हलणार नाही म्हणाला. सकाळी तो अंगणात गेला, जीपच्या टायरला पायाने ढोसलं आणि आत येऊन म्हणाला, ‘वसंता, ही भंगारात देऊन टाकू. काटा पडते म्हंजे इंजिन गेलं समज. सुमन होती तं तिनं सांभाळली. तुले तं चालवताबी येत नाही.’

खरंच होतं ते. चालवता न येणाऱ्या माणसाने जीप अंगणात ठेवून करायचं काय? पण तुझी उशी अजून सीटवर आहे. पाय पोचत नाहीत म्हणून तू पाठीमागे घ्यायचीस ती. आरशाला तू बांधलेला दोरा आहे. दाराच्या खणात तुझ्या चष्म्याची काडी आहे, मोडलेली, कशासाठी ठेवली होतीस देव जाणे. घरातलं तुझं सगळं आवरून झालं, साड्या वाटून झाल्या, कपाट लेकीने लावून दिलं. ही एक जीपच काय ती तुझी म्हणून जशीच्या तशी उरली आहे, आणि ती भंगारवाल्याच्या टेम्पोमागे दोरीने बांधून ओढत नेताना मला बघायची नव्हती. मला ते सहन झालं नसतं. पण असं दादाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, रडून घे आणि मोकळा हो.

म्हणून मी कोर्टाची भाषा काढली. म्हटलं, दादा, आधी पुरावा. बिघाड काट्यात आहे की इंजिनात, हे ठरू दे. इंजिन गेलेलं निघालं तर मी स्वतः भंगारवाल्याला बोलावतो. इंजिन चांगलं निघालं तर गाडी अंगणातून हलणार नाही. दादा म्हणाला, ‘चाल. तुह्या मनात काही राह्याले नको.’

दादाने जीप चालवत धाड रोडवर सलीमभाईच्या गॅरेजात नेली. तुझ्या वडिलांच्या हाताखाली तयार झालेला सलीमभाई, आता दाढी पांढरी झालीय. तुझं नाव काढलं तर त्याने पाना खाली ठेवला. मग मी त्याला केस समजावून सांगितली. तो मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं, दुःखाने.

त्याने गाडीतला सेन्सर काढला आणि त्या जागी नळी लावून एक वेगळं मीटर थेट इंजिनाला जोडलं. या मीटरला वायर नाही, वीज नाही, तेलाचा जोरच काटा ढकलतो, म्हणजे खोटं बोलायला जागाच नाही. गाडी थंड असताना बघितलं, चांगलं. गरम करून बघितलं, चांगलं. रेस देऊन, सोडून, नुसती चालू ठेवून, चांगलंच. ‘इंजिन एकदम टंच हाय साहेब,’ सलीमभाई म्हणाला. मी दादाकडे बघितलं. निकाल माझ्या बाजूने लागला होता.

पण दादा कच्चा नाही. ‘मंग आपलं मीटर लाव अन् पाहू,’ म्हणाला. आपलं मीटर लावलं, तर त्याचाही आकडा तोच. ‘मीटर बरोबर, इंजिन बरोबर, मंग घाटात काटा पडे काऊन?’ मी म्हटलं, घाटात चला, तिथे पडेल. आम्ही तिघं राजूर घाट उतरलो आणि चढलो. दादा चालवत होता, मी डावीकडे, सलीमभाई मागे. तो काटा हलला नाही, सुमन! इतकी वर्षं न चुकता पडणारा काटा, आणि नेमका साक्षीच्या दिवशी फितूर झाला. मी त्याच्याकडे डोळे लावून मनात म्हणत होतो, पड, एकदा तरी पड. पित्त गळ्यापर्यंत आलं होतं माझं. दादा आपला गाडी हाणतोय, थांबायचं नाव नाही.

गॅरेजात परत आल्यावर दादा म्हणाला, ‘बिमारी सापडत नाही म्हंजे ते जास्त खतरनाक. एखाद्या दिवशी घाटात जाम झाली तं कोन निस्तरन? मी उद्या भंगारवाल्याले बोलावतो.’ आणि फोन काढला खिशातून. मी म्हटलं, दादा, आपलं ठरलं होतं. तो म्हणाला, ठरलं होतं बिघाड सापडला तं. सापडला का?

मी खाली दगडावर बसलो. पित्ताने डोकं भणभणत होतं.

तेव्हा सलीमभाई उठला. हात पुसले, जीपमध्ये तुझ्या जागेवर बसला, गाडी चालू केली आणि म्हणाला, ‘दादा, साहेब, इकडं या. काट्याकडं पाहा.’ त्याने उजवा हात स्टिअरिंगच्या खाली घातला आणि काटा धाडकन शून्यावर आला. हात काढला, काटा वर. परत घातला, खाली. मी वाकून बघितलं. स्टिअरिंगच्या मागे, बसणाऱ्यालाच सापडेल अशा जागी, दारावरच्या घंटीला असतं तसं एक छोटं बटन होतं. दाबलं की मीटरची वीज तुटायची.

‘हे ताईनं माह्याकडून लावून घेतलं,’ तो म्हणाला. ‘कसम घातली होती, साहेबांले सांगाचं नाही म्हनून. पन आता गाडीच भंगारात चालली, मंग कसम कायले पाळू?’

‘लावलं कायले पन?’ दादाने विचारलं.

‘साहेबांले घाटात गाडी लागते नं. तोंड पांढरं पडते, बोलनं बंद होते, पन थांबव म्हनत नाहीत. मांगं तुमी सारे बसेल. ताई म्हने, मी अशीच थांबवली तं सारे विचारतीन काऊन थांबवली. काटा पडला म्हनलं तं कोनी काही विचारत नाही. साहेबबी खुशीत उतरतात.’

खुशीत उतरतात! भर गॅरेजात, दादासमोर! जे तू जन्मभर झाकून ठेवलंस ते त्या माणसाने एका दमात उघडं केलं, आणि वर पाणी पिणार का म्हणून विचारलं. मी दादाकडे बघायचं टाळत होतो. आता हा हसणार, गावभर सांगणार, असं धरून चाललो होतो. तर दादा म्हणाला, ‘हे काय नवीन सांगून राह्यला? याले गाडी लागते हे साऱ्या घराले मालूम हाय. लहानपनी एस्टीनं शेगावले गेलतो तं यानं माह्या नव्या सदऱ्यावर केलतं सारं. तवापासून मी याच्या बाजूले बसत नाही.’

मला वाटायचं, दादा मला मान म्हणून पुढची सीट देतो.

आता मला सांग, याला काय म्हणायचं? घरात सगळ्यांना माहीत. वहिनीला माहीत, म्हणून लिंबू. सलीमभाईला माहीत. आणि तू कोणापासून लपवत होतीस? माझ्यापासून? मी तेल बदललं, फिल्टर बदलला, त्या अकोल्याच्या मीटरसाठी बस बदलून बदलून गेलो. डिपस्टिक पुसून पुसून माझ्या किती बाह्या काळ्या झाल्या, आणि त्या घासताना तू मलाच बोलायचीस! कोर्टात मी लोकांना सल्ले दिले, सुमन. एका वकिलाला मी सांगितलं होतं की घाटात तेल पुढच्या बाजूला जमा होतं म्हणून काटा पडतो. तो अजून तेच सांगत असेल लोकांना. आणि तू स्टिअरिंगवर हात ठेवून सरळ चेहऱ्याने म्हणायचीस, ‘उतरा बरं, पाहा जरा.’ इतका सरळ चेहरा मी पट्टीच्या खोट्या साक्षीदाराचाही बघितला नाही.

रागावलोय मी. खरंच. पण त्या दगडावर बसून माझ्या हेही मनात आलं की घाटात मी एकदाही तुला काही बोललो नव्हतो, आणि तू समोरचा रस्ता, वळण, येणारा ट्रक हे सगळं सांभाळून माझ्या तोंडाचा रंग बघत होतीस. असं माझ्याकडे कोणी बघितलं नाही, सुमन. आईनेही नाही. तुझे उपकार झाले असं म्हणायचं तर ते ऐकायला तू नाहीस, आणि असतीस तर म्हणाली असतीस, चला, उशीर होते.

तरी भांडणाची खोड जात नाही. मी सलीमभाईला म्हटलं, ठीक आहे, घाटाचं कळलं. पण काटा सपाट रस्त्यावरही पडायचा. घाट संपल्यावर, मोताळ्याच्या पुढे, नांदुऱ्याच्या बाजूला. तिथे वळण नाही, चढ नाही, मला काही होत नव्हतं. त्याचं काय?

‘ते मले नाही मालूम,’ तो म्हणाला. ‘बटन मी लावलं. दाबत तं ताई होत्या.’

दादाने फोन खिशात घातला. ‘राहू दे गाडी,’ एवढंच म्हणाला. ‘मी येत जाईन महिन्यातून एखाद्या वेळी. चालवत राह्यली तं चांगली राहीन.’ बटन काढून टाकू का, सलीमभाईने विचारलं. मी नको म्हटलं. बाबाच्या हातची वायरिंग आहे ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावी निघालो. घाटात तिसऱ्या वळणावर तोंडाला पाणी सुटलं. मी दादाला म्हटलं, ‘थांबव. मले मळमळून राह्यलं.’ त्याने निमूटपणे गाडी बाजूला घेतली. इतकं सोपं होतं ते, आणि हे मला साठी उलटल्यावर कळावं!

मोताळा मागे पडलं. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना कपाशी, काटा जागच्या जागी. मी परत म्हटलं, थांबव. दादाने विचारलं, परत लागली का? नाही म्हटलं. उतरलो आणि बॉनेट उघडलं. कशासाठी, मलाही माहीत नव्हतं. बॉनेट वर टेकवून उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की इथून मागे बसलेलं कोणी दिसत नाही, आणि त्यांनाही आपण दिसत नाही.

गावच्या घरात आपल्याला दोन मिनिटं एकांत नव्हता. बुलढाण्यात आई होती, लेक होती, माझ्या फायली होत्या. इथे तू फडकं घेऊन माझ्या शेजारी उभी राहायचीस. लेकीला लग्नाची घाई करू नका, हे तू इथे म्हणालीस. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन बुलढाण्यालाच करू, हे इथे. मी हातातलं काम करता करता ‘हं’ म्हणायचो. मला वाटायचं, इंजिन निवेपर्यंत वेळ घालवायला बोलतेस.

शेवटच्या खेपेलाही काटा इथेच कुठेतरी पडला होता. तू खाली उतरलीस, फडकं माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, ‘ऐका नं, एक सांगाचं होतं.’ मी म्हटलं, थांब, आधी तेल पाहू दे. मी नीट, दोनदा बघितलं. मागून दादाने हाक मारली, उशीर होतोय म्हणून. तू म्हणालीस, ‘जाऊ द्या, घरी सांगते.’ मग घरी तू सांगितलं नाहीस. पुढे दवाखाने सुरू झाले, आणि त्या गोष्टीचं नाव तुझ्या तोंडून परत निघालं नाही. बटन दाबायचं तुला बरोबर सुचायचं, मग माझा हात धरून ‘तेल गेलं खड्ड्यात’ म्हणायला काय झालं होतं?

दादा सीटवरून ओरडला, ‘काय झालं बे? पडला का काटा?’

मी डिपस्टिक ओढली. पुसली, बुडवली, उजेडात धरली. तेल पूर्ण आहे, सुमन. बघून झालं. आता बोल.